पाच पायऱ्यांचा हॉल

थोरलीला धाकटीचा हेवा वाटतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त धाकटीला. आणि तिला ते ठाऊक नसावं, याचाही थोरलीला हेवा वाटायचा.

दोन भाऊ, दोन मजले, मधे एक जिना. वर थोरली, खाली धाकटी. चुली वेगळ्या, पाण्याची टाकी एक. त्यात दोघी जावांचा विषयही एकच, भूगोल. थोरली कॉलेजात प्राध्यापक. शहर नाल्याच्या दोन्ही काठांवर कसं पसरत गेलं, पाण्याच्या जागेवर घरं कशी उभी राहिली, यावर तिने सात वर्षं घासून पीएचडी मिळवलेली. धाकटी गल्लीच्या टोकाच्या शाळेत आठवीला शिकवायची. तिचे वडील गवंडी, थोरलीचे वडील प्राध्यापक. ही गोष्ट थोरली कधी बोलून दाखवायची नाही, पण विसरायचीही नाही.

हेवा कपड्यालत्त्याचा नव्हता, रूपाचा तर मुळीच नव्हता. हेवा होता तो ऐकण्याचा. धाकटी बोलायला लागली की लोक ऐकायचे. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस पाना हातात धरून तसाच उभा राहायचा. सासूबाई, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं धड ऐकून घेतलं नव्हतं, त्या धाकटीला म्हणायच्या, "मग पुढे काय झालं गं?" थोरलीच्या वर्गात मात्र मागचे तीन बाक हजेरी झाली की पेंगायला मोकळे. आणि तिची स्वतःची लेक, तेरा वर्षांची, शाळेतून आली की जिन्याखालीच अडकायची. वर यायची ती तासाभराने, आणि आल्या आल्या तिचं पहिलं वाक्य असायचं, "काकू म्हणत होती..."

अशात थोरलीला नवं संशोधन मिळालं. पुराचा धोका असलेल्या वस्तीतल्या मुलांना तो धोका कसा शिकवावा, कोणत्या पद्धतीने शिकवलं तर नीट डोक्यात उतरतं, असा विषय. गल्लीतल्याच शाळेत आठवीच्या दोन तुकड्या होत्या. एका तुकडीला एका पद्धतीने शिकवायचं, दुसरीला दुसऱ्या, सहा आठवड्यांनी दोन्ही तुकड्यांची एकच परीक्षा घ्यायची. पालिकेलाही त्यात रस होता. आठ वर्षांपूर्वी नाल्याचं पाणी खालच्या गल्ल्यांत खिडक्यांपर्यंत चढलं होतं. कुठे जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. कोपऱ्यावरचं म्हातारं जोडपं घरातच बसून राहिलं आणि घरातच गेलं. आता पालिका वस्तीसाठी जमण्याची एक जागा ठरवणार होती, आणि ती ठरणार होती थोरलीच्या अहवालावरून.

अ तुकडीला थोरली स्वतः शिकवणार होती. ब तुकडीला कोण? तिने धाकटीचं नाव घातलं. अर्जात कारण लिहिलं, 'स्थानिक शिक्षिका, नेहमीची पद्धत'. मनातलं कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. धाकटी एकदा तरी हरावी, नुसती हरू नये तर कागदावर हरावी, दशांश चिन्हासकट, आणि तो कागद छापून यावा. थोरलीला वाटलं होतं, धाकटी पाठ्यपुस्तक उघडेल, मुलांकडून धडा वाचून घेईल आणि घंटा झाली की घरी येईल.

लेक ब तुकडीत होती. त्याला इलाज नव्हता.

थोरलीने जीव ओतून शिकवलं, यात शंका नाही. उपग्रहावरून घेतलेले तीस वर्षांचे फोटो तिने शाळेच्या हॉलमधल्या पडद्यावर एकामागून एक दाखवले. हिरवं आक्रसत जातं, करडं पसरत जातं, मधून नाल्याची निळी रेघ बारीक होत जाते. चौथ्या तासाला तिने सर्वेक्षण खात्याचा उंचीचा नकाशा लावला आणि शाळेच्या हॉलवर लाल ठिपका ठेवला. "या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा. पाणी आलं तर इथे जमायचं." मुलांनी वहीत ठिपका काढला. पाठीमागची दोघं झोपलेली होती, त्यांनी नंतर शेजाऱ्याचं बघून काढला.

धाकटीने पुस्तक उघडलंच नाही. दारामागच्या खिळ्याला अडकवलेली, वडिलांची लेव्हलची नळी तिने काढली. ती बांधकामावर वापरतात ती पारदर्शक, दहा-बारा हात लांबीची नळी. आत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी उभी धरायची. मधे काहीही असो, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. तिथून खाली जमिनीपर्यंत मोजलं की कुठली जागा किती खोल ते कळतं. ही नळी आणि चौतीस मुलं घेऊन धाकटी सहा आठवडे गल्ल्या फिरली. दुकानदार हसले, मग दुकानं सोडून मागे मागे फिरले.

लेक घरी यायची ती गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "आई, तुला माहितीये? रस्ता वाढतो."

"रस्ता नाही, शहर वाढतं."

"नाही गं, रस्ताच. वरच्या बाजूला वाढतो. आम्ही मोजलं ना, काकू म्हणते—"

"जेव आधी," थोरली म्हणाली. लेक जेवली. पुढचं वाक्य तिने काकूसाठी राखून ठेवलं असावं.

परीक्षा झाली. रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना, थोरली लाल पेन घेऊन पेपर तपासायला बसली. पेपरांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. सहा प्रश्न, त्यातले पहिले पाच नुसते पर्याय निवडायचे. पाच तपासून झाले आणि तिने बेरीज केली. ब तुकडी सरासरी चार गुणांनी पुढे होती. तिने पुन्हा बेरीज केली. चारच.

उरला सहावा, दहा गुणांचा. 'पूर आल्यास वस्तीतील लोकांनी कोठे जमावे? कारण द्या.' उत्तरसूचीत तिने महिन्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं, शाळेचा हॉल. अ तुकडीच्या चौतीसच्या चौतीस मुलांनी हॉल लिहिला. ब तुकडीतल्या आठ जणांनी लिहिला. सव्वीस जणांनी लिहिलं, हॉलमध्ये जाऊ नये. पलीकडच्या लाकडाच्या वखारीच्या ओट्यावर जावं.

थोरलीला हर्ष झाला. उगाच सभ्य शब्द कशाला वापरा, हर्षच झाला. शून्य, शून्य, शून्य. पेन कसं सुरीसारखं चाललं. अकराव्या की बाराव्या पेपरला ते अडलं. अक्षर ओळखीचं होतं. 'ळ'ला गाठ मारायची खोड लेकीला तिच्याकडूनच आलेली. तिने उत्तर वाचलं. अकरा ओळी होत्या. 'हॉलला आधी पाच पायऱ्या चढून जावं लागायचं. रस्त्यावर दर वेळी नवा थर टाकतात, जुना खरवडत नाहीत. नाल्यावर पूल झाला तेव्हा रस्त्याला भर घातली. आता हॉलमध्ये एक पायरी उतरून जावं लागतं. म्हणून रस्त्यावरचं पाणी हॉलमध्ये येईल आणि बाहेर जाणार नाही.'

आत कुठेतरी काहीतरी टोचलं. पण संशोधनाचा नियम असतो, परीक्षा झाल्यावर उत्तरसूची बदलायची नाही. नियम खरा होता, आणि त्या दुपारी तो तिच्या फारच उपयोगाचा होता. तिने शून्य दिलं. गोल, नीट, टोकाला टोक जुळवून.

अ तुकडी साडेतीन गुणांनी जिंकली.

निकाल तिने जिन्यातच सांगितला, वरच्या पायरीवर उभं राहून. धाकटी खाली कपडे वाळत घालत होती.

"अय्या, जिंकलात की ताई!" धाकटीचा चेहरा खरोखरच फुलला. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हरलेल्या माणसाने निदान हरल्यासारखं तोंड तरी करावं. "आणि सहाव्याला काय लिहिलं हो पोरांनी?"

"चुकीचं. सव्वीस जणांनी."

धाकटीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. "ताई, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मोजलं."

"उत्तरसूची सर्वेक्षणाच्या नकाशावरून केली आहे. मनाने नाही केली."

"नकाशा कधीचा आहे?"

"नकाशा तो नकाशा."

धाकटीने टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाली, "शनिवारी पालिकेचे साहेब अहवाल ऐकायला येतील तेव्हा मी काही बोलणार नाही. घरातलं हॉलमध्ये नको. पण त्याआधी तुम्ही एकदा मोजा, ताई. एवढंच."

मोजा म्हणे! सात वर्षं शहर मोजलेल्या बाईला गवंड्याची पोर मोजायला सांगत होती. थोरली तरातरा वर गेली आणि दार जरा जोरातच लागलं.

लेकीने शून्याबद्दल भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त वर येईनाशी झाली. अभ्यास खाली, खाणं खाली, हसणं तर खालीच. जिन्यातून ते हसू वर यायचं आणि थोरलीचा जळफळाट व्हायचा. पेपरावर मी जिंकले तरी ही बया माझंच माणूस घेऊन बसली, असं तिला वाटायचं. चार दिवस ती अहवालाची वाक्यं सारखी करत बसली. 'दृश्य माध्यमाचा वापर अधिक परिणामकारक ठरला.' वाक्य उत्तम होतं.

शुक्रवारी ती प्रोजेक्टर लावून बघायला शाळेत गेली. हॉलच्या दाराशी शिपाईमामा होते. सहा आठवडे म्हणत होते तेच म्हणाले, "बाई, सांभाळून, पायरी आहे."

"माहितीये हो," सहा आठवडे म्हणत होती तेच ती म्हणाली, आणि लॅपटॉपची पिशवी सावरत खाली उतरली.

घरी आली तर बैठकीतला फोटो वाकडा दिसला. जुना, काळापांढरा फोटो. शाळेच्या हॉलसमोर नवरा नि दीर, हाफ पँटमधले. नवरा सगळ्यात वरच्या पायरीवर छाती काढून, दीर सगळ्यात खाली, नाक पुसत. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "या पायऱ्या मी एका उडीत उतरायचो." थोरली दर आठवड्याला तो फोटो पुसायची, परीक्षेच्या गडबडीत तेवढं राहून गेलं होतं. तिने तो सरळ केला, फडकं घेतलं, आणि थांबली.

काचेवर बोटांचे ठसे होते. लहान बोटांचे, एकावर एक, पुष्कळ मुलांनी टेकवलेले. बाकी काच स्वच्छ होती. ठसे होते ते फक्त पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीवर एक पुंजका. म्हणजे ती कॉलेजात असताना पोरं इथे आली होती, लेकीनेच आणली असणार, आणि तिच्याच बैठकीत उभं राहून त्यांनी मोजलं होतं.

तिने मोजलं. पाच.

"अहो," तिने आतल्या खोलीत हाक मारली, "तुम्ही उडी मारायचात ती उतरताना ना?"

"मग काय चढताना? खाली रस्त्यावर यायचो धप्पकन."

थोरली खुर्चीवर बसली. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, ती स्वतःच्या पायांनी ती पायरी उतरली होती आणि आत जाऊन पडद्यावर सांगत होती की ही सगळ्यात उंच जागा. शिपाई रोज ओरडून सांगत होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला कोपऱ्यावरचं म्हातारं जोडपं आठवलं नाही. ते नंतर आठवलं, आणि मग जाता जाईना. आधी आठवल्या त्या गाठीच्या 'ळ'च्या अकरा ओळी.

गप्प बसणं सोपं होतं. धाकटी बोलणार नव्हती. तिने शब्द दिला होता आणि तो ती पाळणार, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. या गुणाचाही राग यावा अशी ती वेळ होती. अहवाल छापून आला असता. हॉलवर पालिकेने पाटी लावली असती. आणि पुढच्या पुरात तीनशे माणसं, पोराबाळांसकट, त्या खड्ड्यात शहाण्यासारखी जाऊन बसली असती.

शनिवारी सकाळी सातला ती खाली आली, धाकटीच्या दारामागची नळी काढली आणि कुणाला न सांगता शाळेत गेली. साहेब दहाला येणार होते. नळीत पाणी भरून तिने एक टोक रस्त्याच्या कडेला खांबाला बांधलं नि दुसरं घेऊन आत गेली. बांधलेलं टोक सुटलं, सगळं पाणी रस्त्यावर. पुन्हा भरलं. या खेपेला बाहेरचं टोक टिकलं, पण आतून तिथली पातळी दिसेना. ती बघायला बाहेर धावली तर आतलं टोक घसरलं आणि उरलेलं पाणी तिच्या बुटांत. शिपाईमामा झाडू घेऊन लांबून बघत होते. भूगोलाच्या डॉक्टरीणबाईंना काय सांगावं ते त्यांना सुचत नसावं.

शेवटी तिने फोन काढला. नंबर लावायला फार वेळ लागला नाही, बोलायला लागला.

"हं, मी बोलतेय. जरा शाळेत येशील? दुसरं टोक धरायला कुणी नाहीये."

धाकटी पाच मिनिटांत आली, केसही न विंचरता. मागे लेक, शाळेच्या फूटपट्टीसकट. धाकटीने 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असं एका नजरेनेही दाखवलं नाही. तिने नळी भरली, अंगठ्याने हवेचे बुडबुडे काढले आणि बाहेरचं टोक धरलं. थोरलीने आतलं धरलं. पाणी दोन-चारदा हेलकावलं आणि शांत झालं. लेकीने दोन्हीकडे मोजलं.

"हॉल रस्त्यापेक्षा बावीस सेंटीमीटर खाली," ती काकूकडे बघत म्हणाली. "आमचंही एवढंच आलं होतं."

दहाला साहेब आले, शाळेच्या मोठ्या बाई आल्या, वस्तीतली माणसं खुर्च्या भरून बसली. थोरलीने ते उत्तम वाक्य वाचलंच नाही. ती म्हणाली, "या हॉलमध्ये जमू नका. माझी उत्तरसूची चुकली होती. नकाशा सव्वीस वर्षांपूर्वीचा आहे, रस्ता गेल्या वर्षीचा आहे, आणि मी नकाशाकडे बघत रस्त्यावरून चालत होते." मग बरोबर उत्तराने केलेला निकालही तिने सांगितला. ब तुकडी साडेअकरा गुणांनी पुढे. साहेबांनी विचारलं, हे शोधलं कुणी? "माझ्या जावेच्या तुकडीने," ती म्हणाली. ते तीन शब्द घशाला तिखट लागले. साहेब वखारीचा ओटा बघायला उठले तर सगळी वस्ती धाकटीभोवती गोळा झाली आणि धाकटी हातवारे करून सांगायला लागली, आणि साहेबही तोंड उघडं टाकून ऐकायला लागले. हेवा तिळभरही कमी झाला नव्हता. थोरलीने तो तिथल्या तिथे तपासून पाहिला होता.

सगळे गेल्यावर तिघी तेवढ्या हॉलच्या दाराशी उरल्या. थोरलीने पिशवीतून लेकीचा पेपर काढला. शून्य खोडलं होतं, शेजारी दहा लिहिले होते, खाली सही केली होती.

लेकीने पेपर बराच वेळ बघितला. "आई, एक विचारू?"

"विचार."

"शून्य दिलंस तेव्हा तू माझं उत्तर वाचलं होतंस?"

थोरलीने तोंड उघडायच्या आतच धाकटी मधे पडली. "अगं, अडुसष्ट पेपर तपासायचे म्हणजे काय सोपं असतं? उत्तरसूचीला धरून भराभर जावं लागतं. ताईंना कुठलं आठवणार?"

सुटकेचं दार उघडून धाकटी बाजूला उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर उपकाराचा लवलेशही नव्हता. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"वाचलं होतं," थोरली म्हणाली. "अकराही ओळी वाचल्या. अक्षरही ओळखलं होतं."

लेकीने पेपराची घडी केली, दप्तरात घातली आणि काकूचा हात धरला. दोघी पायरी चढून रस्त्यावर गेल्या. धाकटीने मागे वळून पाहिलं, लेकीने नाही.

"बाई, सांभाळून, पायरी आहे," शिपाईमामा म्हणाले.

"हो मामा," थोरली म्हणाली, आणि ओल्या बुटांनी तिथेच उभी राहून नळी गुंडाळू लागली.